लाल चिमटा डावीकडे

चावी फिरवली, पण गाडीचा दिवा मिणमिणलासुद्धा नाही. लॉन्ड्रीवालीने चावी काढली, तिच्यावर फुंकर मारली, अंगावरच्या कपड्याला पुसली आणि पुन्हा फिरवली. सेल्फचं बटण दाबलं. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं. गाडी ढिम्म.

“बाई गं, आजच?” ती गाडीला म्हणाली. “आठ महिने उभी आहेस, एका शब्दाने बोलले का तुला? आज एकदा आवाज काढायचा, तर तूही तोंडाला कुलूप लावलंस?”

खिडकीतून खोकल्याचा आवाज आला. आतल्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर तिचा नवरा बसला होता. तो सगळं ऐकत होता. ऐकण्यात त्याच्या काहीच बिघाड नव्हता.

बिघाड बोलण्यात होता. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी, बुटाची नाडी बांधता बांधता, त्याच्या डोक्यात रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला. पाय काठीच्या आधाराने हळूहळू चालू लागला. आणि बोलणं? ते गेलं नाही, उलटं झालं. ‘हो’ म्हणायचं असलं की तोंडातून ‘नाही’ निघे. गरम हवं असलं की ‘थंड’. वरचं खाली, उजवं डावं. बाकीचे शब्द तर कुठे दडी मारून बसले होते कोण जाणे. जे येत ते असे जोडीजोडीतले, आणि जोडीतला नेमका नको तो. शिव्या तेवढ्या शाबूत राहिल्या. ‘गाढव’ हा शब्द त्याला जवळच्याच इस्पितळातल्या पहिल्या दिवसापासून स्वच्छ यायचा, आणि योग्य माणसासाठी यायचा.

लॉन्ड्रीवालीने ही भाषा पंधरवड्यात आत्मसात केली. छापाचा कपडा उलटा करून इस्त्री करायची सवय तिच्या हाताला होतीच. शब्द उलटा करून घ्यायला असा कितीसा वेळ लागणार? तो ‘बंद’ म्हणाला की ती पंखा लावी. तो ‘नाही’ म्हणाला की ताट वाढी. कधीकधी तर तो तोंड उघडायच्या आत ती उठलेली असे. बघणाऱ्याला वाटावं, या घरात सगळं कसं सुरळीत चाललंय.

वन्संना मात्र ते कधी जमलं नाही. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहायच्या. लहानपणी आईमागे त्यांनीच त्याला वाढवलेलं, त्यामुळे सहा फूट उंचीच्या त्या वेल्डरला त्या अजून ‘छोट्या’ म्हणत. छोट्याने ‘गरम’ म्हटलं की त्या वाफाळतं पाणी आणून ओठांना लावत, आणि त्याने ते ढकललं की डोळे पुसत म्हणत, “चिडका झालाय गं पोर.”

पोराचे पुढचे केस गेले होते, पण ते असो.

नदीपलीकडच्या इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई बसायच्या. घरात त्यांचं नाव पडलं होतं ‘बोलायच्या बाई’. त्यांच्याकडे नंबर मिळायला महिने लागले होते, आणि मिळाल्यावर दोनदा हुकला होता. पहिल्यांदा टॅक्सीवाल्याने विचारलं, “कुठे जायचं, साहेब?” आणि साहेबांनी छाती काढून सांगितलं, “घरी.” टॅक्सीवाला हसला. वाईट हेतूने नाही, असाच, पण हसला. नवरा गल्लीच्या तोंडाशीच उतरला आणि काठी टेकत परत आला. त्यानंतर त्याने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्यांदा टॅक्सी अगदी दारात उभी केली, तर त्याने डाव्या हाताने दाराची चौकट अशी धरली की दोघींना ती सोडवता आली नाही.

मग इस्पितळातून फोन आला. पलीकडची मुलगी सभ्य होती. म्हणाली, “मॅडम, तिसऱ्यांदाही आला नाहीत तर नाव यादीच्या शेवटी जाईल. पुढचा नंबर कधी लागेल, खरंच सांगता येणार नाही. आणि या आजारात पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं.”

फोन ठेवून लॉन्ड्रीवाली पलंगाशी जाऊन बसली. “हे बघा, टॅक्सी नको. आपल्या गाडीतून जाऊ. मी चालवते. तुम्ही मागे हौद्यात ऐसपैस बसा. जायचं?”

“नाही,” तो म्हणाला. आणि डोळे असे लखलखले की उलटं करून घ्यायचीही गरज पडली नाही.

तो दिवस आज उजाडला होता. नंबर दुपारी तीनचा होता. टाकीत नवं पेट्रोल ओतून झालं होतं, तिन्ही चाकांत हवा भरून झाली होती. बॅटरीचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

*

गाडी म्हणजे तीनचाकी. पुढून मोटारसायकल, मागून दोन चाकांचा पत्र्याचा हौदा. नवऱ्याने स्वतः कापून, जोडून, वेल्डिंग करून बनवलेली. इस्त्रीच्या चादरी आणि अभ्रे लॉजवर पोचवायला, असं कारण सांगितलं होतं. खरं कारण हौस. हौदा बसवताना किक आडवी येत होती, तर त्याने किकच कापून टाकली. “सेल्फ आहे ना? किक काय उशाला घेऊन झोपायचीय?” तेव्हा सगळे हसले होते. आता ढकलून चालू करावी म्हटलं, तर अंगणातून बाहेर पडल्या पडल्या चढ.

लॉन्ड्रीवाली कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेली. तो शटर ओढून निघालाच होता.

“वहिनी, मला सुटे भाग आणायला जायचंय. संध्याकाळी येतो आणि बघतो.”

“संध्याकाळी बघायला माझ्या घरी काय टीव्ही आहे? मला तीनला नदीपलीकडे पोचायचंय.”

त्याने शटर पुन्हा अर्धं वर केलं, वाकून आत गेला आणि एक जुना लोखंडी चार्जर घेऊन आला. वर काच, काचेत काटा, आणि खाली दोन वायरी, त्यांच्या टोकाला दात असलेले दोन चिमटे, एक लाल, एक काळा.

“ऐका. गाडीची चावी बंद. सीट उघडी, वारा लागू दे. लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला. दोन्ही नीट बसले की मगच भिंतीवरचं बटण. काढताना आधी बटण, मग चिमटे. आणि उलटं लावू नका.”

“लावलं तर?”

“तर फटाका,” गॅरेजवाला म्हणाला. “पण बॅटरीवर लिहिलेलं असतं हो, अधिक आणि वजा. लहान पोरालाही कळतं.”

असतं खरं. बाकी सगळ्यांच्या बॅटरीवर असतं.

तिने अंगणात गाडीची सीट उचलली आणि कपाळावर हात मारला. आतली बॅटरी नखशिखांत चंदेरी होती. वर चंदेरी, बाजूने चंदेरी, दोन्ही खुंट्यांच्या टोप्या चंदेरी, आणि त्यांतून निघालेल्या दोन्ही जाड वायरी चंदेरी. नवऱ्याच्या हातात रंगाचा डबा आला की डबा संपेपर्यंत तो थांबत नसे. घराचं फाटक रंगवून उरलेल्या रंगात त्याने पाण्याची टाकी, बादलीची कडी, खिडकीचे गज आणि एकदा तर तिचा इस्त्रीचा पाटही रंगवला होता. पहिल्याच गरम इस्त्रीला पाटाचा रंग एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर उतरला होता. अधिक आणि वजा कुठेतरी त्या थराखाली सुखाने झोपले होते.

“अहो,” तिने खिडकीकडे तोंड करून हाक मारली. “हे काय करून ठेवलंय? नवरी आहे का ही, एवढी सजवायला?”

आतून अर्धवट हसल्याचा आवाज आला.

“बाहेर या ना जरा. बोट दाखवा नुसतं.”

हसणं थांबलं. अंगणाला कुंपण होतं, पण कुंपणापलीकडे गल्ली होती, आणि गल्लीत माणसं होती. पलंग करकरला नाही.

“बरं, तिथूनच सांगा. लाल चिमटा कुठल्या बाजूला? उजव्या की डाव्या?” गाडीची उजवी-डावी म्हणजे वर बसणाऱ्याची, हे या घरात पूर्वीच ठरलेलं होतं, त्यावरून भांडणही होऊन गेलं होतं.

शब्द खोल विहिरीतून ओढून काढावा तसा श्वास ऐकू येत होता. मग आवाज आला, “डावी... डावीकडे.”

“समजलं,” लॉन्ड्रीवाली म्हणाली. आणि रोजच्या सवयीने, हातातला कपडा उलटा करावा तितक्या सहज, शब्द उलटा केला आणि लाल चिमटा उजव्या खुंटीला लावला. काळा डावीला. चार्जरची वायर खिडकीतून आत नेली होतीच. तिने हात घालून बटण दाबलं.

फट्!

निळी ठिणगी उडाली. चार्जरचा काटा उलट्या टोकाला आपटला आणि मेला. जळक्या रबरासारखा वास आला. लॉन्ड्रीवाली किंचाळून मागे सरली ती दोरीवर वाळत घातलेल्या चादरीत गुरफटली.

“गाढव!” आतून गर्जना झाली. मग काहीतरी आदळल्याचा आवाज, काठीचा ठोका, पुन्हा ठोका, आणि चादरीतून डोकं बाहेर काढते तोवर नवरा दारात उभा होता. दारात नव्हे, दाराबाहेर. एक पाय पायरीवर, एक खाली अंगणात, केस विस्कटलेले, लुळा हात छातीशी. “गाढव! गाढवे!”

“मला काही झालं नाही,” ती म्हणाली. “थांबा, पडाल. मला काही झालेलं नाहीये हो.”

आपण कुठे उभे आहोत ते त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं. तिने ते लक्षात आणून दिलं नाही. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, दोन्ही चिमटे सोडवले. मग कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यातली बारीक किल्ली घेतली आणि डाव्या खुंटीच्या शेजारचा चंदेरी थर खरवडायला लागली. एक पापुद्रा निघाला. दुसरा निघाला. खाली प्लास्टिकमध्ये ठसठशीत उठवलेलं अधिकचं चिन्ह होतं.

डावीकडे.

ती तशीच किल्ली धरून उभी राहिली.

“तुम्ही डावी म्हणालात.”

“डावी.”

“आणि तुम्हाला डावीच म्हणायचं होतं?”

“डावी! डावी! डा-वी!” त्याने काठी आपटली. “गाढवे!”

लॉन्ड्रीवालीला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले, तेव्हा तिने तोंड पुन्हा चादरीत घातलं. चादर लॉजची होती, पुन्हा धुवावी लागणार होती. लागू दे. आठ महिन्यांत पहिल्यांदा माणसाने सरळ शब्द उच्चारला, आणि ऐकणारीने तो उलटा करून गाडीला लावला!

*

आवाज ऐकून वन्सं जिना उतरून आल्या. चार्जर, किल्ली, चंदेरी पापुद्रे आणि अंगणात उभा भाऊ, सगळं त्यांनी एका नजरेत घेतलं.

“जाळायला निघालीस का त्याला?”

“नाही वन्सं, चार्ज करायला.”

“थट्टा सुचतेय. अगं, घरात बरा आहे तो. खातो, पितो, झोपतो. कशाला लोकांत नेऊन हसं करून घ्यायचं त्याचं? मी आहे, तू आहेस. त्याला काय हवं-नको ते कळतं की आपल्याला.”

रोज हे ऐकून लॉन्ड्रीवाली मनात म्हणे, तुम्हाला कुठे कळतं, मला कळतं. आज ते वाक्य तिने मनातही पुरं केलं नाही. तिला कळत होतं, खरंच कळत होतं. आणि कळत होतं म्हणूनच त्याला कधी नीट सांगावं लागलं नव्हतं. वन्सं त्याला उचलून कडेवर घेत होत्या. आणि ती? ती त्याच्या तोंडात शब्द घालत नव्हती एवढंच, तोंडातला काढून घेत होती.

“आजपासून मी उलटं करणार नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “जे ऐकेन तेच धरीन. चुकलं तर तुम्ही सांगायचं. सांगेपर्यंत मी चुकीचंच करत राहीन, मग कितीही ओरडा.”

नवऱ्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं भर उन्हात कुणी छत्री काढून घेतल्यावर बघावं.

“आता आधी हे सांगा, चार्जर मेला का कायमचा?”

तो पायरीवर बसला. चार्जर मांडीवर ओढला, डाव्या हाताने मागचं गोल झाकण फिरवलं आणि आतून बोटाच्या पेराएवढी काचेची नळी काढून तिच्यापुढे धरली. आतली तार जळून काळी झाली होती. फ्यूज. म्हणजे जीव गेला नव्हता, नुसतीच मूर्च्छा होती.

“दुसरा आहे घरात?”

पुन्हा ते विहिरीतून ओढणं. कपाळावर शीर उठली. “डबा,” तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, “निळा.”

लॉन्ड्रीवाली हत्यारांच्या फळीशी गेली. फळीवर डबे बरेच होते. नवी प्रतिज्ञा पाळणं इथे सोपं होतं, कारण निळ्याचा उलटा कुठला ते तिला ठाऊकच नव्हतं. निळा डबा उघडला. खिळे, वॉशर, एका हरवलेल्या कुलपाची चावी, आणि तळाशी कागदात गुंडाळलेले फ्यूज.

तिने यावेळी लाल चिमटा डावीकडे लावला, काळा उजवीकडे, दोन्ही हलवून बघितले आणि वन्संना म्हणाली, “तुमचा हात लागू दे बटणाला.”

“मी नाही बाई!”

मग तिनेच डोळे मिटून दाबलं. गूंऽऽ असा बारीक आवाज सुरू झाला. काटा थरथरला, उठला आणि काचेच्या मधोमध जाऊन शहाण्यासारखा उभा राहिला.

नवऱ्याने मान हलवली. ‘चांगलं’ म्हणायला त्याला मानच पुरायची.

*

बॅटरीचं पोट भरायला वेळ लागतो. लॉन्ड्रीवालीने तोवर खोळंबलेल्या अभ्र्यांना इस्त्री केली. पण लक्ष सगळं अंगणात. नवरा पायरीवरच बसून होता, काट्यावर डोळे लावून. गल्लीतून कुणी गेलं की मान खाली घाली, पण उठून आत जात नव्हता. गाडीला एकटं सोडायला त्याचा जीव तयार नव्हता, आणि त्याला एकटं सोडायला वन्संचा. त्या मागे खुर्ची टाकून बसल्या होत्या.

ऊन वर आलं. “गरम,” नवरा म्हणाला आणि ओठांवरून जीभ फिरवली.

लॉन्ड्रीवालीला कळलं. माठातलं गार पाणी हवंय, हे तिला त्याच्या जिभेआधी कळलं होतं. तिने शेगडीवर पाणी चढवलं, चांगलं वाफाळू दिलं आणि पेला त्याच्या हातात दिला.

त्याने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पेला पायरीवर आदळला.

“सांगा,” ती म्हणाली.

त्याने मान वळवली.

“काय हवं ते सांगा. मी उभी आहे.”

त्याचे ओठ हलले, काही निघालं नाही. डोळ्यांत असा राग होता की पूर्वी कधी भांडणातही तिने तो पाहिला नव्हता. नुसता राग असता तर सोसला असता. त्याच्यामागे विनवणी होती, ती सोसवत नव्हती. इस्त्रीच्या खोलीत परत जाऊन तिने एका अभ्र्याची तीनदा घडी घातली आणि तीनदा मोडली. माठ तिथेच होता, हाताच्या अंतरावर.

“छळ चाललाय,” वन्सं म्हणाल्या. “पाण्यावाचून ठेवायला माणूस काय झाड आहे?”

“झाडाला तर विचारावंही लागत नाही, वन्सं. त्याला विचारावं लागतंय, तेच तर.”

वन्सं उठल्या, माठातून पाणी घेतलं आणि त्याला पाजलं. त्यांनाही आज बरोबर कळलं होतं. गरम एकदा नाकारल्यावर उरलं तरी काय? लॉन्ड्रीवालीने अडवलं नाही. तहान लागलेल्याच्या तोंडचं पाणी काढून घेण्याइतका तिचा निर्धार कडक नव्हता. पण ती स्वतः माठाकडे गेली नाही, एवढं तिने पाळलं.

दुपारी काटा हळूहळू खाली उतरला. नवऱ्याने काठीने चार्जरला टोचलं, म्हणजे पुरे. तिने आधी बटण बंद केलं, मग काळा चिमटा काढला, मग लाल. सीट बसवली. हौद्यात दोन गाद्या आणि धुतलेल्या चादरींचं एक गाठोडं टाकलं, पाठीला टेकायला.

“छोट्या,” वन्सं पुढे आल्या. “ही म्हणेल ते ऐकायचं नाही. मला सांग. तुला जायचंय का? तुझ्या तोंडाने सांग.”

सकाळपर्यंत प्रश्न सोपा होता. ‘नाही’ म्हणजे हो. आता लॉन्ड्रीवालीलाही कळत नव्हतं की येणारा शब्द सुलटा असेल की उलटा. आणि जे ऐकेन तेच धरीन, असं तिनेच बजावून सांगितलेलं.

नवऱ्याने बहिणीकडे बघितलं. मग स्पष्ट म्हणाला, “नाही.”

“बघ! ऐकलंस?” वन्सं वळल्या. “नाही म्हणतोय तो!”

लॉन्ड्रीवालीने हातातली चावी घट्ट आवळली.

नवऱ्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. त्याच्या कानाची पाळी लाल झाली. त्याने काठी हौद्यात भिरकावली, डाव्या हाताने कठडा धरला, एक पाय वर घातला आणि गाठोड्यावर धप्पकन बसला. बसल्यावर दम खाऊन म्हणाला, “गाडी.” आणि पुन्हा, बहिणीकडे बघून, जरा मऊ आवाजात, “माझी गाडी.”

वन्सं तोंडाला हात लावून उभ्या राहिल्या. ‘माझी’ हा शब्द त्याच्या तोंडून आठ महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. मग त्यांनी नाक ओढलं, आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि त्याच्या पायांवर टाकली. “वारा लागेल. पाय झाकून बस.” आणि लॉन्ड्रीवालीला, “हळू चालव गं, भवाने.”

तिने सेल्फ दाबला. कटकट, कटकट. गाडीने घसा साफ केला आणि थांबली.

“चोक!” मागून आवाज आला.

तिने चोक ओढला. पुन्हा दाबला. गाडी एकदा शिंकली, काळा धूर सोडला आणि धडधडत जिवंत झाली, इतकी की दोरीवरच्या चादरी हलल्या.

*

चढ चढून गाडी मोठ्या रस्त्याला लागली. नवऱ्यानेच तिला ही गाडी शिकवली होती, गोदामामागच्या मोकळ्या जागेत. लायसन्सही त्यानेच काढायला लावलं होतं. “तीन चाकांवरून कुणी पडत नाही,” तो म्हणायचा. पडत नाही, पण वळतही नाही. वळवायला बैलासारखी ओढावी लागते. लॉन्ड्रीवाली दोन्ही हातांनी ओढत होती. आरशात नवरा दिसत होता, शाल लपेटून, मान खाली घालून बसलेला. नदी येईपर्यंत मान वर झाली होती.

पूल ओलांडला आणि पुढे रस्ता खणलेला. आडवा बांबू, पलीकडे खड्डा, आणि फुटलेले दोन बारीक रस्ते. नदीपलीकडच्या लॉजवर चादरी पोचवायला वर्षानुवर्षं तो आलेला. इथली गल्ली न् गल्ली त्याला पाठ. ती कधी आली नव्हती. तीन वाजायला आले होते.

“कुठे वळू?” ती ओरडली.

“डावीकडे!”

हाताला सवय होती. हात उजवीकडे ओढायला लागलासुद्धा. तिने दात आवळले आणि हँडल डावीकडे वळवलं. ऐकलं ते धरायचं. गाडी कुरकुरत वळली आणि दुतर्फा दुकानं असलेल्या अरुंद रस्त्यात शिरली. एक दुकान गेलं, दुसरं गेलं. रस्ता आणखी अरुंद झाला.

आरशात नवरा अस्वस्थ झाला. मागे वळून बघू लागला. कठड्यावर हात आपटू लागला.

ती थांबली नाही. तिला कळलं होतं, रस्ता चुकला होता. पण ती थांबली नाही. वेग मात्र इतका कमी केला की एक चालता माणूस त्यांच्या पुढे गेला. सांगा, ती मनात म्हणत होती. सांगा ना हो. मी उभ्या जन्मात वळणार नाही, सांगितल्याशिवाय.

“नाही!” मागून आवाज फुटला. “नाही, नाही... डा... नाही!” मग विहिरीतून, सगळा जोर लावून, “उजवीकडे! उज-वी-कडे! गाढवे!”

चपलांच्या दुकानातली माणसं बाहेर आली. सायकलवाला थांबला. कुणीतरी हसलं. नवऱ्याने त्या हसण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याला रस्ता दाखवायचा होता.

“उजवीकडे ना? नक्की?”

“हो!”

“मग वळवा मला. जागा नाहीये इथे.”

आणि सहा फूट उंचीचा तो माणूस हौद्यात उभा राहिला, डाव्या हाताने कठडा धरून, शाल खांद्यावर, आणि भर बाजारात गाडी वळवू लागला. “मागे! नाही, पुढे! पुढे! थांब!” चपलांच्या दुकानदाराने आपलं स्टूल उचललं. सायकलवाल्याने सायकल भिंतीला चिकटवली. जे मगाशी हसले होते तेच आता हौद्याला हात लावून ढकलत होते. दोनदा तो चुकला, दोनदा त्याने स्वतःच दुरुस्त केलं. लॉन्ड्रीवाली प्रत्येक शब्द जसाच्या तसा पाळत होती. एकदा तर भाजीच्या टोपल्यापाशी जाऊन टेकली, पण पाळत होती.

इस्पितळाच्या खिडकीशी पोचले तेव्हा दोघं घामाने निथळत होते आणि भिंतीवरचं घड्याळ तीनच्या जरासं पुढे गेलं होतं. फोनवरचीच सभ्य मुलगी आत बसली होती. तिने घड्याळाकडे बघितलं, मग या दोघांच्या अवताराकडे, आणि काही न बोलता नावापुढे खूण केली.

“पेशंट कोण?” तिने विचारलं.

नवऱ्याने काठीवरचा हात उचलला, बायकोकडे बोट केलं आणि गंभीरपणे म्हणाला, “ही.”

लॉन्ड्रीवालीने तोंड उघडलं. मग त्याच्या मिशीचा एक कोपरा हलताना तिला दिसला. तिने तोंड मिटलं आणि वाट बघत उभी राहिली.